काचेवरची लेक

अकोल्यातल्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर, ऐन उन्हात, पौर्णिमाने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला, तेव्हा तिच्या भावाच्या, गोवर्धनाच्या, हातात साडीची पिशवी होती. वडिलांची, भगवंतरावांची, तेरवी होऊन थोडेच दिवस झाले होते. बाळापूर रस्त्यावरची काळी जमीन आणि मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातले घर भावाच्या एकट्याच्या नावावर व्हायचे, तर ‘मला यातले काही नको’ असे बहिणीने लिहून द्यावे लागते. ती लिहून देते, भाऊ तिला साडीचोळी करतो, दोघे मिळून कुठेतरी जेवतात आणि बहीण बसमध्ये बसून सासरी निघून जाते. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत हा विधी इतक्या निमूटपणे उरकला जातो की त्याला कोणी व्यवहार म्हणत नाही, माया म्हणतात.

“सही नाही करत मी,” पौर्णिमा म्हणाली.

“काहून? साडी पसंत नाही का?” गोवर्धनाने विचारले. त्याला खरोखरच तसे वाटले होते.

“साडी चांगली हाये. वहिनीले दे. मले माहा हिस्सा दे.”

गोवर्धनाने तिचा हिस्सा विकत घेतला. भाव पाडून घेतला, नातेवाइकांसमोर तिला चार गोष्टी सुनावून घेतला, पण घेतला. कारण वकिलाने त्याला दुसरा रस्ता दाखवला नाही. त्यानंतरच्या श्रावणात तिने पाठवलेली राखी पाकिटासकट परत आली. ‘माहेर विकून खाल्लं’ हे वाक्य अकोल्याहून अमरावतीला, तिच्या सासरी, तिच्याआधी पोहोचले. चोराला कोणी त्याच्या तोंडावर चोर म्हणत नाही, एवढी सभ्यता आपल्या समाजात आहे. वाटा मागणाऱ्या लेकीसाठी मात्र ती राखून ठेवलेली नाही.

या हिश्श्यातून पौर्णिमाने जे घेतले ते पाहून तर बोलणाऱ्यांना आणखी चेव चढला. तिने शेत घेतले नाही, सोने घेतले नाही, पोरांच्या नावे ठेवही ठेवली नाही. तिने अमरावतीच्या राजापेठेत बायकांची जिम काढली.

त्यामागे एक साधे निरीक्षण होते. तिचा नवरा कुलदीप राजापेठेत गणिताची शिकवणी चालवायचा आणि पौर्णिमा बारा वर्षे त्या शिकवणीची बिनपगारी व्यवस्थापक होती. संध्याकाळी पोरे आत गेली की त्यांच्या आया बाहेर स्कूटीवर बसून राहायच्या. शिकवण्यांनी गजबजलेल्या त्या रस्त्यावर तास-दीड तास अशा कितीतरी बाया नुसत्या बसलेल्या असत. घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नसे आणि जवळपास टेकायला जागा नसे. चहाच्या टपरीवर बाप्ये बसत. पौर्णिमाला वाटे, या बायांच्या वाट्याला दिवसभरात जो एवढा एक तास येतो, तोही त्यांनी दुसऱ्याच्या दारात, गाडीच्या सीटवर, पाठ अवघडून काढायचा, हा कुठला न्याय? शिकवणीसमोरचा गाळा रिकामा झाला, तेव्हा तिने तो पाहताक्षणी ठरवून टाकले.

एकटीने काढायची हिंमत झाली नाही. कुलदीप म्हणाला, “नाव पाह्यजे, नाव. नावाशिवाय लोक येत नाहीत.” म्हणून तिने पुण्याच्या एका कंपनीचे नाव विकत घेतले: ‘सुतनू, फक्त महिलांसाठी’. नावाबरोबर गुलाबी भिंती आल्या, वर्तुळात मांडायची यंत्रे आली, ठरावीक गाणी आली, अकोल्याच्या एका हॉटेलातले प्रशिक्षण आले आणि कंपनीची विभागीय अधिकारी प्रणाली आली, तीही अकोल्याच्या जुन्या शहरातलीच. शिवाय एक करार आला. तो इंग्रजीत होता. त्यातले एक कलम कुलदीपने तिला दोनदा वाचून दाखवले: केंद्रातल्या बायांचे वजन घटले पाहिजे, घटल्याचे जोडफोटो लागले पाहिजेत; कंपनीच्या अपेक्षेइतके ते जमले नाही, किंवा केंद्राने कंपनीच्या प्रचारात अडथळा आणला, तर कंपनी नाव काढून घेईल, राजापेठ दुसऱ्या कोणाला देईल आणि पौर्णिमाला अमरावतीत पुढची काही वर्षे असे केंद्र चालवता येणार नाही.

“म्हणजे हेही गेलं तर?” पौर्णिमाने विचारले होते.

“हे कायले जाईन? तू चालव ना चांगलं,” कुलदीप म्हणाला होता.

माहेर देऊन घेतलेली वस्तू जाऊ द्यायची नाही, एवढी एक गोष्ट मनाशी धरून तिने सही केली.

पहिला वाद काचेवरून झाला. कंपनीला रस्त्याकडची सगळी भिंत काचेची हवी होती. पौर्णिमा पडदे म्हणाली, प्रणाली म्हणाली, “मॅडम, दिसलं तरच विकलं जातं.” शेवटी खांद्याच्या उंचीपर्यंत दुधी कागद चिकटवण्यावर तडजोड झाली. परिणाम असा झाला, की रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त बायांची वर-खाली होणारी डोकी दिसत. पौर्णिमाची सासू दुर्गाबाई पहिल्या दिवशी ते दृश्य पाहून म्हणाली, “हे काय वं, विहिरीत पडल्या का बाया?”

दुर्गाबाई रोज यायची. सुनेने माहेर विकून काय घेतले ते आपल्या डोळ्यांनी पाहायला, असे ती येईल-जाईल त्याला सांगायची. दारातल्या खुर्चीवर बसून ती तुरीच्या शेंगा सोलायची आणि चालण्याच्या यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येकीवर शेरा मारायची. “चालाले पैसे देते! बडनेरा रोडनं चालली असती तं आतालोक बडनेऱ्याले पोचली असती. हे चालून चालून तिथंच हाये.” बाया हसायच्या, चालत राहायच्या. दारात एक सासू बसलेली आहे, या एकाच कारणाने कित्येक घरांनी आपल्या सुनांना तिथे येऊ दिले, हे पौर्णिमाच्या लक्षात आले होते. दुर्गाबाईच्या ते लक्षात आले होते की नाही, हे सांगता येत नाही.

वजनकाट्यावरून दुसरा तमाशा झाला. चौकात भाजी विकणारी वच्छला दुपारच्या मोकळ्या वेळात यायची. डोक्यावर पाट्या वाहून तिची मान आखडली होती, हात खांद्याच्या वर जात नव्हता. कंपनीच्या नियमाने आधी काट्यावर उभे राहणे सक्तीचे होते.

“थांबा ताई,” वच्छला म्हणाली आणि पिशवीतून आपले दोन किलोचे माप काढून तिने काट्यावर ठेवले. आकडा नेमका दोन आला. तिने माप उचलले, पुन्हा ठेवले, पुन्हा दोनच.

“काटा खरा निंघाला,” ती हिरमुसून म्हणाली. “आता जे दाखवीन ते मानाच लागन.”

त्या दिवशी सगळ्या पोट धरून हसल्या. पण त्या हसण्यातही पौर्णिमाला काहीतरी टोचत राहिले. ती शेतकऱ्याच्या घरातली. कापसाच्या गाडीपासून तुरीच्या पोत्यापर्यंत सगळे काट्यावर कमीच कसे भरते, आणि कमी भरले की त्या संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलत कसे नाही, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. अशा मुलखातल्या बायांना कमी भरल्याबद्दल टाळ्या वाजवायला शिकवायचे, हा आता तिचा धंदा होता. वच्छलाचा हात वर गेला, ती पाटी पुन्हा एकटीने डोक्यावर घेऊ लागली. कंपनीच्या हिशेबात मात्र त्याची नोंद शून्य, कारण तिचे वजन जिथल्या तिथे होते. पौर्णिमाने हे प्रणालीला सांगून पाहिले. “छान आहे मॅडम,” प्रणाली म्हणाली, “पण हात वर गेल्याचा फोटो कसा लावणार?”

कंपनीला हवा होता तसा फोटो गीतांजलीचा मिळाला.

गीतांजली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर दर्यापूरकडचे, सासर राजापेठेत. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे अंग सुटले, जिना चढताना दम लागू लागला आणि डॉक्टरांनी साखर वाढत असल्याचे सांगितले. ती घाबरून आली आणि पुढे आवडीने येत राहिली. वर्षाच्या आत तिची साखर उतरली, ब्लाउज उसवून आत घ्यावे लागले, शाळेच्या मैदानावर ती पोरींबरोबर लंगडी घालू लागली. पौर्णिमाशी तिचे जमले. व्यायाम संपल्यावर सतरंजीवर पाय पसरून दोघी बोलत बसायच्या. अशाच एका संध्याकाळी पौर्णिमाने आपल्या हिश्श्याची हकिकत सांगितली, तेव्हा गीतांजली सहज म्हणाली, “मी तं करून देली सही. वाटणी झाली तवाच. बाबानं पैठणी घेतली होती.”

“कोन्या रंगाची?”

गीतांजली बराच वेळ आठवत राहिली. “आठवत नाही. नेसलीच नाही मी ते.”

जोडफोटो पौर्णिमानेच काढले होते. पहिला नाव नोंदवताना काढला, तेव्हा कंपनीच्या सूचनेबरहुकूम तिने गीतांजलीला हसू नको म्हटले होते. दुसरा वर्ष भरत आल्यावर काढला, तेव्हा हस म्हटले. पण गीतांजली वर्गातून थेट आली होती, थकली होती, तिला हसू आलेच नाही. आणि पहिल्या वेळी, हसू नको म्हटल्यामुळेच, तिला हसू फुटले होते. त्यामुळे डावीकडे गुबगुबीत, हसरी गीतांजली आणि उजवीकडे बारीक, गंभीर गीतांजली, असे ते जोडचित्र तयार झाले. ते आतल्या भिंतीवर लागेल, असे पौर्णिमाला वाटले होते. एका सकाळी कंपनीची माणसे आली आणि माणसाच्या उंचीचे पोस्टर त्यांनी बाहेरच्या काचेवर चिकटवून टाकले. वर इंग्रजी अक्षरे, खाली कंपनीचे नाव आणि मध्ये राजापेठेकडे पाहत उभी असलेली गीतांजली. त्याच दिवशी ते चित्र जाहिरात म्हणून मोबाइलवरही फिरू लागले.

“संमती आहे त्यांची,” प्रणालीने फोनवर सांगितले. “फॉर्मवर सही आहे.”

फॉर्म इंग्रजीत होता. गीतांजलीला इंग्रजी येत होते. परंतु दम लागून घाबरलेली बाई फॉर्ममधली बारीक अक्षरे वाचत बसत नाही, आणि अशा फॉर्मवरची अक्षरे बारीक ठेवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

पुण्यात बसून ज्यांनी ते चित्र पाठवले, त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती आणि विचारण्याची गरजही वाटली नव्हती. वऱ्हाडात लेकीचे अंग हा तिच्या सासरच्या वागणुकीचा दाखला असतो. माहेरी आलेली लेक भरलेली दिसली तर जावई चांगला, घर खातेपिते. बारीक दिसली तर उंबऱ्यातच तिच्या गालांवरून हात फिरवला जातो: “काहून वं, वाळली? खाले भेटते ना?” तिने कितीही हसून सांगितले तरी त्या रात्री आई-बाप कुजबुजत राहतात. अशा मुलखात कंपनीने एका विवाहित लेकीची आधीची भरली मूर्ती आणि नंतरची वाळली मूर्ती शेजारी शेजारी लावून, सासरच्याच पेठेत, भर रस्त्यावर टांगली होती. दर्यापूरकडच्या तिच्या माहेरगावात हे चित्र भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोहोचले, तेव्हा त्याला जाहिरात समजणारा एकही माणूस निघाला नाही. ती तक्रार होती. कोणीतरी सज्जनाने पुराव्यासह मांडलेली तक्रार.

दुसऱ्या दिवशी गीतांजलीचे वडील वामनराव गावातली दोन वडीलधारी माणसे घेऊन, गाडी करून, तिच्या सासरी हजर झाले. गीतांजली शाळेत होती. वामनरावांनी पाणीसुद्धा घेतले नाही. “पोरीले काही रोग झाला का तुमी खाले देत नाही, एवढं सांगा,” एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. गीतांजलीची सासू आधी चक्रावली, मग रडली, मग संतापाने उठून तिने स्वयंपाकघरातली धान्याची कोठी पाहुण्यांसमोर उघडून दाखवली. शेजारपाजारचे दारात जमले. एका भल्या घराला आपल्या गव्हाचा पुरावा द्यावा लागला.

तिथून सगळी वरात पौर्णिमाच्या दारात आली.

पुरुषांना आत प्रवेश नव्हता. वामनराव चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. काचेवरच्या लेकीकडे त्यांनी पाहिले आणि मान फिरवली. दारात दुर्गाबाई शेंगा सोलत होती.

“हे दुकान कोनाचं हाये?”

“दुकान नाही भाऊ. व्यायामाची जागा हाये. माह्या सुनेची.”

“माह्या पोरीले इथं वाळवलं.”

“वाळवाले ते काय बोरं हाये का?” दुर्गाबाई म्हणाली. “या, बसा. पानी घ्या.”

“पानी नाही पाह्यजे मले. हे फोटू कोनं काढला?”

पौर्णिमा पुढे आली. “मी काढला, काका. लावला कंपनीनं. मले न विचारता लावला.”

“तुमी काढला अन् तुमालेच मालूम नाही! वा बाई!”

टोमणा खरा होता, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तेवढ्यात गीतांजली शाळेतून धावतच आली. सासूचा फोन तिला गेला होता. साडीचा पदर खोचलेला, बोटांना खडू.

“बाबा, मले काही झालं नाही. माही शुगर उतरली. डॉक्टर म्हणते—”

“डॉक्टरचं कायले सांगते! तोंड पाह्य आरशात. गालफडं बसले. गावात मले चालाले जागा नाही राह्यली. लोक म्हणते, वामनरावानं पोरगी उपाशी घरात देली!”

आतल्या बायांनी यंत्रे थांबवली होती. गाणे तेवढे चालू होते. ते बंद करायचे कोणाला सुचले नाही. पौर्णिमाच्या मनात एक वाक्य उकळी फुटावी तसे वर येत होते. पोरगी अंगाने बारीक दिसली म्हणून हा माणूस गाडी करून धावत आला. पोरीचा हिस्सा बारीक करून पार नाहीसा केला, त्या दिवशी याची गाडी कुठे होती? उपाशी घराची बदनामी झाली म्हणून जीव जळतो. आणि लेकीला रिकाम्या हाताने त्या घरी पाठवले, त्याबद्दल गावात याला चालायला जागा कशी उरली? पण ते गुपित गीतांजलीचे होते. सतरंजीवर बसून सांगितलेली गोष्ट उंबऱ्यावर उघडी करायचा हक्क पौर्णिमाला नव्हता. कंपनीने गीतांजलीचे अंग रस्त्यावर टांगलेच होते. तिच्या मनाचेही पोस्टर आपण करायचे नाही, एवढे भान तिला त्या संतापातही राहिले.

बोलली ती गीतांजलीच. आवाज चढवला नाही. वर्गात एखाद्या पोराला चूक दाखवावी तशी बोलली.

“बाबा, सही कराले मले बलावलं होतं ना, तवा मी चांगली भरलेली होती. तवा नाही कोनं विचारलं, हिच्या वाट्याले काय आलं म्हणून.”

बरोबरची दोन माणसे रस्त्याकडे पाहू लागली.

“ते कुठं आनलं मधात?”

“मधात नाही आनलं. तिथूनच चालू हाये हे.”

वामनरावांनी चपलांसाठी पाय चाचपले. चपला शेजारीच होत्या, पण त्यांना सापडेनात. शेवटी दुर्गाबाईने पायाने सरकवून दिल्या. “पानी घेऊन जा, भाऊ,” ती पुन्हा म्हणाली. ते पाणी न घेता गेले.

एवढ्याने जग सुधारते, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचा महिना राजापेठेत काढायला हवा होता. गीतांजलीच्या सासूने तिचे येणे बंद केले. तिचेही चुकले असे म्हणवत नाही; ज्या बाईला पाहुण्यांसमोर धान्याची कोठी उघडावी लागली, तिच्याकडून उदारपणाची अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा जुलूमच. मग इतर घरे सावध झाली. आपल्या सुनेचा फोटो लागला आणि उद्या तिचा बाप माणसे घेऊन आला तर? शिकवणीच्या वेळेला बाया पुन्हा स्कूटीवर बसू लागल्या. समोरच्या काचेत त्यांना एकही डोके वर-खाली होताना दिसत नसे आणि दुधी कागदाच्या वरून पौर्णिमाला त्या दिसत. मध्ये गीतांजली उभी, अर्धी हसरी, अर्धी गंभीर.

प्रणाली आली ती मात्र खुशीत होती.

“मॅडम, पोस्टर फार छान चाललंय. अकोल्यातून, यवतमाळातून चौकशा आल्यात. आता अशी आणखी दोन-तीन हवीत.”

“राजापेठेतल्या बाया गेल्या त्याच्यापायी.”

“ते तुमचं व्यवस्थापन झालं ना. तुमच्या केंद्राचे आकडे कलमाच्या खाली चाललेत, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.”

“पहिले हे काढा. गीतांजलीनं हात जोडले माह्यासमोर.”

“नाही काढता येणार. ती कंपनीची मालमत्ता आहे.”

“पोस्टर तुमची मालमत्ता असन. ते बाई कोनाची मालमत्ता नाही,” पौर्णिमा म्हणाली. “तुमी अकोल्याच्या ना? जुन्या शहरातल्याच? मंग तुमाले मालूम होतं. पुन्याच्या लोकाले नसन. तुमाले मालूम होतं, आपल्याकडं बारीक लेक म्हणजे काय. तुमचा लावा ना फोटो. लावता?”

प्रणालीचे अधिकाऱ्याचे मराठी एका क्षणात गळून पडले. “माह्या मायले वाटते मी बँकेत हावो,” ती पुटपुटली. मग तिने घसा साफ केला. “तो विषय नाही, मॅडम.”

“तू लपून राह्यली,” दारातून दुर्गाबाई म्हणाली, “अन् तिले काचेवर चिकटवते. चांगलं हाये.”

प्रणालीने बॅग खांद्यावर टाकली. तिचा राग यावा की कीव, हे पौर्णिमाला ठरवता येईना. ही पोरगी काही खलनायिका नव्हती. ती विदर्भभर बसने हिंडून, घरी खोटे सांगून, स्वतःच्या पायावर उभी होती. पण स्वतःपुरती लपायची जागा मिळाली की दुसरीला उघड्यावर उभी करायला माणूस किती सहज तयार होतो, याचा पौर्णिमाला आलेला संताप त्या कीवेने कमी झाला नाही.

“हे काढलं तर करार मोडला असं धरलं जाईल,” जाताना प्रणाली म्हणाली. “विचार करा.”

विचार करायचा होता तो एवढाच. पोस्टर राहिले तर गीतांजली काचेवर राहील आणि जिम कदाचित वाचेल. पोस्टर गेले तर माहेर देऊन घेतलेली वस्तू जाईल. रस्त्यापलीकडे स्कूटीवर बसलेल्या बायांकडे पौर्णिमा पाहत राहिली. मग ती घरी गेली, गरम पाण्याची बादली आणि स्वयंपाकघरातला सराटा घेऊन आली आणि ज्याने धिरडे उलटवायचे त्याने काचेवरचा कागद खरवडू लागली. वरची इंग्रजी अक्षरे चटकन निघाली. गीतांजलीचा चेहरा निघताना मात्र तिला कसेतरी झाले. तेवढा भाग तिने पाणी लावून भिजत ठेवला आणि बोटांनी, हलक्या हाताने सोडवला. भाजीचा ठेला तसाच टाकून वच्छला आली आणि खालचा भाग खरवडू लागली. “हात वर जाते आता माहा,” ती म्हणाली, “वरचं बी दे.”

कंपनीचे पाकीट आठवड्याने आले. पाकिटाबरोबर एक गुलाबी बॅग होती. तीत पाण्याची बाटली, एक टॉवेल आणि ‘आपल्या प्रवासाबद्दल आभार’ असे छापलेले कार्ड. कागद कुलदीपने वाचून दाखवला. पौर्णिमा स्वखुशीने नाव व अधिकार सोडत आहे, तिची कंपनीविरुद्ध कोणतीही मागणी नाही, कराराप्रमाणे ती अमरावतीत असे केंद्र चालवणार नाही. तिने सही केली तर कंपनी पुढे काही वसूल करणार नाही.

“सही करून टाक,” कुलदीप म्हणाला. तो भित्रा नव्हता, थकलेला होता. “पुन्याच्या कंपनीशी कुठलोक भांडशीन? सुटका करून घे.”

“हे काय हाये, मालूम हाये का तुमाले?”

“करार संपवाचा कागद हाये.”

“हे हक्कसोड हाये,” पौर्णिमा म्हणाली. “स्वखुशीनं, म्हणे. मले काही नको, म्हणे. फक्त भावानं साडी आनली होती, यायनं बॅग पाठवली.”

दुर्गाबाईने ती बॅग उलटीपालटी करून पाहिली. सुनेने माहेर विकले म्हणून तीन वर्षे टोमणे मारणारी ती सासू त्या बॅगेची चेन उघडून, लावून म्हणाली, “मंग ह्या बारीले बी सांगून दे, साडी पसंत नाही म्हणून.”

कागद सहीविना परत गेला. सोबत पौर्णिमाने मराठीत, आपल्या अक्षरात, एवढेच कळवले: नाव तुमचे आहे, ते घेऊन जा. जागा माझ्या भाड्याची आहे आणि यंत्रे माझ्या हिश्श्याची आहेत. त्यांच्यावरचा हक्क मी सोडलेला नाही. कंपनीने न्यायालयात जाण्याची भाषा केली आहे. ती जाईलही. आणि तिथे काय होईल हे आज कोणी सांगू शकत नाही. कारण काचेवर कोणाला टांगले आणि काचेआड कोण लपून राहिले, हे करारात लिहिलेले नाही.

फलक उतरवायला कंपनीची माणसे शिडी घेऊन आली ती नेमकी शिकवणीच्या वेळी. आत फार गर्दी नव्हती. दोघी-तिघी जुन्या परतल्या होत्या. काचेपासून सगळ्यात दूरच्या यंत्रावर गीतांजली होती; पोस्टर निघाल्यावर तिची सासू म्हणाली होती, “जा, पन काचीपासून दूर राह्य.” वजनकाटा कोपऱ्यात सारून ठेवलेला होता आणि दुर्गाबाईने त्यावर तुरीच्या शेंगांची टोपली ठेवली होती. बाहेर स्क्रू निघत होते, गुलाबी अक्षरे एका बाजूने लोंबकळत होती. बघ्यांपैकी एकाने स्कूटी थांबवून विचारले, “काय झालं? बंद पडलं का हे?”

पौर्णिमा काही बोलणार, इतक्यात दाराशी खांदे फिरवत उभी असलेली वच्छला ओरडली, “बोर्ड नेऊन राह्यले भाऊ, बाया नाही नेऊन राह्यले! बायकोले पाठव.”